एअर रायफलचे पेलेट: कुठले घ्यायचे, कसे तपासायचे आणि कधी त्या नादाला लागायचंच नाही

यूट्यूबवर तुम्हीपण बघितलं असेल, अमेरिकेतले लोक गॅरेजमध्ये बसून स्वतःची काडतुसं स्वतः भरतात, बंदुकीची दारू तोलतात, काडतुसाच्या पितळी पुंगळ्या घासूनपुसून चकचकीत करतात आणि मग हजार यार्डावरची लोखंडी प्लेट वाजवतात. रेंजवर नवीन पोरं आली की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हमखास प्रश्न येतो, दादा आपण पण असं करू शकतो का? नाही. परवान्याशिवाय काडतूस बनवायला आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम ५ नुसार बंदी आहे, विषय तिथेच संपला. पण दाणा न् दाणा निवडायचा, बॅच तपासायची, वहीत आकडे लिहून ठेवायचे हा जो किडा असतो ना, तो १० मीटर एअर रायफलमध्ये मनसोक्त भागवता येतो आणि तोही पूर्ण कायद्यात राहून. ४.५ मिमी बोअर आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल असेल तर आपल्याकडे परवाना लागत नाही, दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेतो तो द्यायचा.

तर हा लेख पेलेटवर, म्हणजे एअर रायफलमधून सुटणाऱ्या शिशाच्या छोट्या दाण्यावर. रायफल कुठली घ्यावी, जॅकेट कुठे शिवावं हे नाही, त्यावर लोक तासन्‌तास बोलतात. पेलेटवर कोणी धड बोलत नाही आणि नवीन माणूस तिथेच एक तर पैसे उडवतो नाहीतर उगाच घाबरतो. मी दोन्ही केलंय.

आधी हा दाणा हातात घेऊन बघा

मॅच पेलेट, म्हणजे स्पर्धेत वापरायचा पेलेट, डमरूसारखा असतो, मध्ये बारीक कंबर. पुढचं तोंड एकदम सपाट, कारण त्याने कागदावर पंचिंग मशीनसारखं गोल स्वच्छ भोक पडतं आणि स्कोअर वाचायला भांडण होत नाही. मागचा भाग पोकळ आणि पातळ, त्याला सगळे स्कर्ट म्हणतात, परकराचा घेर समजा. हवेचा धक्का मागून बसला की हा घेर किंचित फुलतो आणि बॅरलच्या, म्हणजे नळीच्या, आतल्या आट्यांना घट्ट बसतो, म्हणून पेलेट गिरकी घेत सरळ जातो. आता हा घेर शिशाचा आणि पातळ, नखाने दाबला तरी वाकतो. म्हणजे कारखान्यात कितीही भारी बनवलेला असू दे, तुमच्या बोटात येईपर्यंत त्याची वाट लागू शकते, हे एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धं काम झालं.

डब्यावर तीन गोष्टी लिहिलेल्या असतात. वजन, रायफलसाठी साधारण ०.५३ ग्रॅम, पिस्तूलवाले हलके वापरतात. मग हेड साइज, म्हणजे तोंडाचा व्यास, ४.४९ किंवा ४.५० असं काहीतरी. आणि बॅच किंवा लॉट नंबर, बहुतेक वेळा मागच्या स्टिकरवर, बारीक अक्षरात. पहिल्या दोन गोष्टी सगळे वाचतात, तिसरी कोणी वाचत नाही आणि खरी मेख तिसरीतच आहे, त्यावर पुढे येतो.

शून्य पॉइंट एक म्हणजे नक्की किती

१० मीटरच्या टार्गेटवर मधला १० चा ठिपका फक्त ०.५ मिमीचा असतो, पेन टेकवल्यासारखा. पेलेटची कडा त्याला नुसती शिवली तरी १०.०, म्हणजे तुमचा शॉट मध्यापासून २.५ मिमीवर आहे. तिथून आत दर पाव मिलिमीटरला ०.१ वाढत जातो आणि अगदी मध्यात बसला की १०.९. साठ शॉटची मॅच, जास्तीत जास्त ६५४.

आता पॅरिस ऑलिंपिक २०२४ मधले आपले दोन शूटर बघा. अर्जुन बबुता ६३०.१ करून सातवा आला आणि फायनलला गेला, संदीप सिंग ६२९.३ करून बारावा, बाहेर. साठ शॉटमध्ये मिळून फरक किती, ०.८. त्या लेव्हलला पेलेटने एखादा शॉट अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे नेला तर खरंच फरक पडतो, म्हणून ते लोक बॅच तपासण्यात दिवस घालवतात. ५० मीटर पॉइंट टूटू (.२२) रायफलवाले तर काडतुसाचे लॉट तपासायला थेट जर्मनीत जातात, कंपन्यांच्या टेस्ट रेंजवर रायफल शिकंज्यात बांधून.

पण तुमचं माझं काय? नवीन शूटरचा उभ्याने दहा शॉटचा ग्रुप, म्हणजे दहा भोकांचा पसारा, तीस-पस्तीस मिलिमीटरचा असतो, म्हणजे जवळजवळ अख्खं काळं वर्तुळ, ते ३०.५ मिमीचं आहे. त्यात साधा पेलेट आणि भारी पेलेट यातला मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा फरक तुम्हाला दिसणारच नाही, समुद्रात पाण्याची बादली ओतल्यासारखं आहे ते.

म्हणून पहिलं काम: सहा महिने काहीही तपासायचं नाही

हे कोणाला आवडत नाही. मलाही आवडलं नव्हतं. मी सुरुवातीच्या चार महिन्यांत पाच वेगवेगळे डबे आणले होते, दर रविवारी नवीन, एका दिवशी ९.८ ची सरासरी आली की हाच आपला पेलेट म्हणून उड्या मारायच्या आणि पुढच्या दिवशी ९.३ आली की पेलेटला शिव्या. एक दिवस सरांनी चार डबे उचलून स्वतःच्या कपाटात टाकले, कुलूप लावलं आणि म्हणाले हा एक संपव, मग बोल. तो डबा संपेपर्यंत माझ्या लक्षात आलं की सरासरी पेलेटने नाही, मी रात्री कधी झोपलो त्याने हलत होती.

तर पहिल्या डब्यासाठी डोकं लावू नका. तुमच्या रेंजवर जे बहुतेकजण वापरतात, ०.५३ ग्रॅमच्या आसपासचा, सपाट तोंडाचा, आरडब्ल्यूएस, एच अँड एन किंवा जेएसबीचा मधल्या किमतीचा मॅच पेलेट घ्या. सगळ्यात महागडा नको, तो शिकताना जाळायचा नसतो. पण टोकदार किंवा घुमटासारख्या तोंडाचे, मोकळ्या पिशवीत मिळणारे स्वस्तातले पेलेटही नकोत, त्यांच्या स्कर्टला कडेला शिशाचे तुकडे लटकलेले असतात आणि महागाच्या बॅरलमध्ये ते घालायला जीव होत नाही. एकच ब्रँड, एकच वजन, एकच हेड साइज आणि जमलं तर एकाच बॅचचे चार डबे एकदम. बास.

मग तपासायचं कधी? माझा स्वतःचा नियम असा की ६०० च्या पुढे स्कोअर सलग पाच-सहा वेळा आला की. सरासरी १०.० म्हणजे तुमचा साधारण शॉट मध्यापासून अडीच मिलिमीटरवर पडतोय, आता पेलेटचा मिलिमीटर तुमच्या चुकीच्या पंक्तीत बसायला लागला.

तपासणी कशी करायची

उभं राहून तपासायची नाही, हे आधी. उभं राहिलात की तुम्ही स्वतःला तपासताय, पेलेटला नाही.

सगळ्यात चांगलं म्हणजे रायफलचं ॲक्शन, म्हणजे मधली यंत्रणा, शिकंज्यात घट्ट बांधून मारणं. मोठ्या अकॅडमीत किंवा रायफल दुरुस्त करणाऱ्या आर्मररकडे ती सोय असते, थोडे पैसे देऊन तासभर मिळते. ती नसेल तर टेबल आणि दोन वाळूच्या पिशव्या. जुन्या जीन्सचा पाय कापून, एका टोकाला शिवून त्यात चाळलेली कोरडी वाळू भरा, झकास पिशवी होते. (आमच्याकडे एकाने तांदूळ भरले होते, पावसाळ्यात पोरकिडे झाले.) रायफल पिशवीवर ठेवताना स्टॉकचा, म्हणजे रायफलच्या दस्त्याचा, पुढचा भाग टेकवा, बॅरल किंवा हवेचं सिलिंडर कधीच नाही, बॅरलला टेका दिला की शॉट उडतो. टेबल डुगडुगतंय का ते आधी बघा, पायाखाली पुठ्ठा सरकवा.

मग असं करा. सिलिंडर भरून घ्या आणि सगळ्या पेलेटसाठी प्रेशर साधारण एकाच पट्ट्यात ठेवा, एक पेलेट भरलेल्या सिलिंडरवर आणि दुसरा रिकामा होत आलेल्यावर असं केलं तर तुलना कशाची करताय तेच कळत नाही. नवीन पेलेट घालायच्या आधी त्याचे पंधरा-वीस शॉट नुसते मारून टाका, मोजायचे नाहीत, कारण बॅरलमध्ये आधीच्या शिशाचा थर असतो आणि नवीन पेलेट आपला थर बसवेपर्यंत थोडे भटकतात. त्यानंतर दहा-दहा शॉटचे पाच ग्रुप, प्रत्येक ग्रुपला नवा कागद. कागदामागे जाड पुठ्ठा लावा नाहीतर एकाच जागी दहा शॉट गेले की कागद फाटतो आणि मोजता येत नाही.

मोजताना व्हर्नियर घ्या, भोकाच्या एका बाहेरच्या कडेपासून समोरच्या बाहेरच्या कडेपर्यंत. त्यातून पेलेटचे ४.५ मिमी वजा केले की शॉट खरे किती फाकलेत ते कळतं. बाहेरून ६ मिमी आलं तर खरी फाकण दीड मिलिमीटर, म्हणजे ग्रुप बरोबर मध्यात धरला तर वाईटात वाईट शॉट मध्यापासून पाऊण मिलिमीटर, १०.७. बाहेरून ८ मिमी आलं तर वाईटात वाईट १०.३. हा हिशोब एकदा स्वतः कागदावर करून बघा, मग डब्यावरच्या जाहिराती वाचायची गरज राहत नाही.

आता दोन चुका ज्या जवळजवळ सगळे करतात. एक, ग्रुप टार्गेटवर कुठे पडला ते बघत बसतात. अरे तो डावीकडे खाली पडू दे ना, नेम धरायच्या साइटच्या चार क्लिकमध्ये तो मध्यात येतो, आपल्याला फक्त तो किती लहान आहे ते बघायचंय, तपासणी चालू असताना साइटला हातपण लावायचा नाही. दुसरी चूक म्हणजे पाचपैकी सगळ्यात सुंदर ग्रुप घेऊन मोबाईलमध्ये फोटो काढणं आणि तोच खरा मानणं. एक चांगला ग्रुप नशिबानेपण येतो. पाचांची सरासरी लिहा आणि सगळ्यात वाईट ग्रुप कितीचा होता तेही लिहा, मी तर सरासरीपेक्षा त्या वाईटाकडे जास्त बघतो, मॅचमध्ये घात तोच करणार आहे.

आणि एक गंमत करून बघा, मित्राला सांगा की पेलेट वाट्यांमध्ये ओतून दे आणि कुठला कुठल्या वाटीत ते सांगू नको. वाटीला फक्त क, ख, ग. महाग डब्यातला दाणा आहे हे माहीत असलं की माणूस ट्रिगर जरा जास्त प्रेमाने दाबतो, खोटं नाही सांगत. मी असं केलं तेव्हा माझा लाडका पेलेट तिसरा आला होता.

बॅच मिळाली की काय

समजा एक बॅच चांगली निघाली. तोच ब्रँड, तेच वजन, तीच हेड साइज पण वेगळी बॅच घेतली तर ती तशीच चालेल का? नाही सांगता येत. कारखान्यात साचा झिजतो, बदलतो, शिशाचा लॉट बदलतो आणि तुमच्या बॅरलला त्यातलं काय रुचतं ते बॅरललाच ठाऊक. त्याच कारणाने दुसऱ्याच्या रायफलमध्ये काय चालतं ते विचारून फार उपयोग नाही, दोन एकाच मॉडेलच्या रायफली शेजारी ठेवल्या तरी आवड वेगळी निघते.

म्हणून बॅच आवडली की साठा करायचा. महिन्याला वीस दिवस, दिवसाला ऐंशी शॉट धरले तर १,६०० झाले, सहा महिन्यांचे ९,६००, म्हणजे ५०० चे वीस डबे. एवढे पैसे एकदम नसतात सगळ्यांकडे, माझ्याकडेपण नव्हते. मग असं करा की तपासलेली बॅच मॅचसाठी आणि मॅचच्या आधीच्या दोन आठवड्यांसाठी राखून ठेवा, रोजच्या सरावाला त्याच वजनाचा साधा पेलेट वापरा. फक्त दुकानदाराशी आधी बोलून ठेवा की मी चार वेगवेगळ्या बॅचचा एक-एक डबा नेतो, एक ठरली की त्यातले आठ-दहा डबे माझ्यासाठी बाजूला ठेवा. बहुतेकजण ठेवतात, तेवढी माणुसकी आहे या धंद्यात.

साठवण कोरड्यात. मुंबई, कोकण, कोल्हापूरकडच्या पावसाळ्यात उघड्या डब्यातल्या शिशावर पांढरट पूड चढते, तसे पेलेट बॅरलमध्ये घालायचे नाहीत आणि ती पूड हातालाही लागू द्यायची नाही. बुटाच्या खोक्यात येणारी सिलिका जेलची पुडी डब्यांच्या पेटीत टाका. अर्धा भरलेला डबा घेऊन एसटीने प्रवास करणार असाल तर झाकणाखाली स्पंजचा गोल कापून दाबून बसवा, नाहीतर स्वारगेटपासून कोल्हापूरपर्यंत तो खुळखुळ्यासारखा वाजत जातो आणि उतरेपर्यंत निम्म्या स्कर्ट वाकड्या.

निवडणं आणि तोलणं

निवडणं जरूर करा, तांदूळ निवडल्यासारखं. पांढऱ्या मऊ कापडावर पन्नास-पन्नास पेलेट पसरा, चांगल्या उजेडात, स्कर्ट वर करून. घेर गोल नसून चपटा झालाय, कडेला खाच आहे, आत शिशाचा कण अडकलाय, तोंडावर ओरखडा आहे, असा दिसला की बाजूला. चांगल्या डब्यात पाचशेत फार थोडे निघतात. जमिनीवर पडलेला पेलेट उचलून परत डब्यात टाकायचा नाही, आणि वाकडा झालेला घेर पेन्सिलच्या टोकाने सरळ करणारे महाभाग असतात, त्यांचं ऐकू नका.

तोलण्याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. सोनाराकडे असतो तसा मिलिग्रॅमचा काटा ऑनलाइन मिळतो, मी आणला, तीन रात्री बसून दीड हजार पेलेट तोलले, आठ वाट्या केल्या, आई म्हणाली डाळीला एवढा वेळ दिला असतास तर बरं झालं असतं. नंतर शिकंज्यात मारून बघितलं तर चांगल्या मॅच पेलेटमध्ये तोललेल्या आणि न तोललेल्यांत मला काही फरक दिसला नाही. तो काटा आता पेटीतच असतो. तुम्हाला आवड असेल तर करा, पण त्या तीन संध्याकाळी ड्राय फायर, म्हणजे पेलेट न घालता नुसता ट्रिगरचा सराव, केलं असतं तर दोन पॉइंट नक्की वाढले असते.

बॅरलमध्ये घालताना आणि पुसताना

पेलेट बोटाच्या पेराने हळूच ढकला, सरळ, तिरका नाही, नखाने तर नाहीच. घाई झाली की तिरका बसतो, मग लिव्हर बंद करताना घेर चेपतो आणि शॉट ९ मध्ये जातो आणि आपण म्हणतो ट्रिगर गेला. पेलेट आत गेला की नाही शंका आली तर दुसरा वरून घालायचा नाही, नळी टार्गेटकडे ठेवून शांतपणे बघायचं, नाहीच कळलं तर रेंज ऑफिसरला हात वर करा.

बॅरल पुसायला फेल्टचे छोटे गोळे मिळतात. मी साधारण एक डबा संपला की दोरीला लावून मागून पुढे ओढतो, पुढून मागे नाही, काळं यायचं बंद झालं की थांबतो. काहीजण रोज पुसतात, काहीजण वर्षात एकदा, तुमच्या कोचचं ऐका. पण पुसल्यावर वीसेक शॉट मारल्याशिवाय मोजायला सुरुवात करू नका आणि मॅचच्या आदल्या दिवशी तर पुसूच नका. पेलेटवर तेलबिल काही लावायचं नाही.

एअर सिलिंडरचं एकच सांगतो कारण ते जिवाचं आहे: त्यात फक्त कोरडी दाबाची हवा, बहुतेक २०० बारपर्यंत. ऑक्सिजन कधीही नाही, कोणी कितीही स्वस्तात भरून देतो म्हणाला तरी नाही, स्फोट होतो. सिलिंडरवर वैधतेची तारीख कोरलेली असते ती वाचा, मॅचला सामान तपासणारे इक्विपमेंट कंट्रोलवालेपण वाचतात.

शिसं आहे हे, चणेफुटाणे नाहीत

जुने लोक पेलेट ओठात धरून एकेक काढायचे. तुम्ही ते करायचं नाही. शिसं विषारी असतं आणि लहान मुलांना तर फारच. पेलेट हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, नुसतं सॅनिटायझर चोळून शिसं जात नाही. निवडायचं काम जेवणाच्या टेबलावर नाही, मध्येच वडापाव नाही, आणि टार्गेटमागच्या ट्रॅपमध्ये साठलेला चुरा झाडूने उडवायचा नाही, ओल्या फडक्याने गोळा करायचा. घरी धाकटं भावंड असेल तर डबा वरच्या फळीवर, झाकण लावून. रायफल ठेवताना बॅरलमध्ये सेफ्टी फ्लॅगची रंगीत दोरी हवीच. आणि गच्चीवरून कबुतरं-पोपट असले उद्योग नाहीत, पक्षी मारणं हा वन्यजीव कायद्यात गुन्हा आहे आणि शूटर म्हणून तुमचं करिअर तिथेच संपेल.

मॅचच्या आदल्या रात्री

राखून ठेवलेल्या बॅचमधले शंभरेक पेलेट निवडून घ्या. साठ बरोबर मोजून कप्प्यांच्या ट्रेमध्ये, दहाची एक ओळ, म्हणजे सहा ओळी. उरलेले वेगळ्या छोट्या डबीत, ते सायटरसाठी, म्हणजे स्कोअरमध्ये न धरल्या जाणाऱ्या शॉटसाठी, सुरुवातीच्या पंधरा मिनिटांत कितीही मारता येतात. याचा फायदा असा की मॅच चालू असताना स्क्रीनकडे बघायची गरजच पडत नाही, कितवी सीरिज चालू आहे ते ट्रेच सांगतो. सव्वा तासात साठ शॉट, वेळ भरपूर असतो, ओळ संपली की खुर्चीवर टेका, पाणी प्या. आणि त्याच बॅचचा एक सीलबंद डबा दुसऱ्या बॅगेत टाका, कारण ट्रे हातातून सुटून रेंजच्या फरशीवर साठच्या साठ पेलेट घरंगळत गेलेले मी एका स्टेट मॅचला बघितलेत, ते माझेच होते.